धानोऱ्याची शाळा आणि एक रिकामा रकाना

सकाळी वरोऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा हातात एक पिशवी होती आणि तिच्यात अर्धवट राहिलेलं पुस्तक. माझे यजमान जाऊन सात महिने झाले होते. त्या काळात डोळे ओळींवरून फिरायचे, पण पान संपलं की मनात काहीच उरलेलं नसायचं. जन्मभर ग्रंथालयात नोकरी केलेल्या बाईला हे सांगायचीही लाज वाटते. शाळकरी मुलांचे डोळे तपासायला स्वयंसेवक हवेत असं भाचीनं कळवलं, आणि मी फारसा विचार न करता हो म्हटलं.

आमची प्रमुख शुभांगी. वरोऱ्याचीच, तिशीची, डोळे तपासण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली. बाजारपेठेतल्या एका हॉटेलात आलूबोंडा आणि झणझणीत रस्सा समोर ठेवून तिनं मला काम समजावलं. सहा मीटरवर तक्ता टांगायचा. त्यावर तीन दात्यांच्या फणीसारखी एकच खूण, वरून खाली लहान लहान होत जाणारी. दाते कुठल्या बाजूला आहेत ते मुलानं बोटांनी दाखवायचं. मग त्याला जाड भिंगांचा एक चष्मा घालून तेच पुन्हा विचारायचं.

"चांगल्या डोळ्यांना यातून लांबचं धूसर दिसते, काकू. ज्याला यातूनही शेवटची ओळ दिसली, त्याला थांबवायचं."

"दिसलं त्याला थांबवायचं?"

"हो. त्याला जवळचं पाहाले डोळ्यांवर फार जोर द्यावा लागते. पुस्तक धरलं की थकते तो."

मी मान हलवली. पण मनाला ते पटलं नव्हतं.

पहिली शाळा भद्रावतीची. रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलेली. शुभांगी दुसऱ्या खोलीत, थांबवलेल्या मुलांना पाहत होती. शेवटची ओळ धडाधड सांगणाऱ्या मुलाला पुन्हा चष्मा कशाला, असं म्हणत मी तो रकाना रिकामा सोडत गेले. पुढे 'दृष्टी उत्तम' लिहून कागद गठ्ठ्यात. फाटकाशी एका आईनं विचारलं, "मॅडम, याचे डोळे दुखतात म्हणते हा." मी हसून म्हणाले, "डोळे छान आहेत. अभ्यासाचा कंटाळा दिसतोय."

दुसऱ्या दिवशी चंद्रपूर, मूल, गडचिरोली मागे टाकत जीप धानोऱ्याकडे निघाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पानं गळालेला साग. ऊन थेट जमिनीपर्यंत पोचत होतं. आश्रमशाळेत (मुलं राहून शिकतात ती शाळा) आम्हांला गरम भात, वरण आणि जवसाची चटणी मिळाली. कितीतरी दिवसांनी मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

चौथीच्या रांगेत जानकी होती. तिच्या मैत्रिणी मागून ओरडत होत्या, "बाई, हिले झाडावरचा मुंगळा दिसते, अन् पुस्तकातला क दिसत नाई!"

"तुले तर मुंगळाबी दिसत नाई," जानकी मागे न बघता म्हणाली आणि शेवटच्या ओळीपर्यंत एकदाही चुकली नाही. मी लिहिलं, दृष्टी उत्तम.

दुपारी शुभांगीनं सहज गठ्ठा चाळला. तिचा हात थांबला.

"काकू, चष्म्याचा रकाना रिकामा का?"

"ज्यांना सगळं दिसलं, त्यांना..."

ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "सगळ्यांना परत बोलवा."

सगळी आली, जानकी आली नाही. गुरुजी म्हणाले, "तिचे वडील घेऊन गेले. दोन वर्षं झाली, वाचता येत नाही, वर्गात डोकं टेकून पडते. ते म्हणाले होते, डोळ्यांत खोट असेल तर ठेवतो, नाहीतर नेतो. तुमचा कागद दाखवला मी त्यांना."

आम्ही लगेच जीप काढली.

एसटीच्या थांब्यावर ते दोघे बसले होते. मधे पत्र्याची पेटी. मी जीपमधून उतरून म्हणाले, "भाऊ, माझी चूक झाली. एकदाच परत पाहू द्या."

"आता काऊन, बाई? डोये चांगले हायत, तुमीच लिहून देल्लं. मंग डोस्कंच (डोकंच) खराब."

शुभांगीनं तक्ता जीपच्या दाराला अडकवला, पावलं मोजून अंतर घेतलं आणि जानकीला चष्मा घातला. जानकीची बोटं भराभर फिरली. शेवटची ओळ. एकही चूक नाही. दिसतंय, म्हणजेच डोळ्यांत दोष होता.

मग पेटीतून तिचं पुस्तक निघालं. चष्म्याशिवाय ते धरताच तिचे डोळे पाण्यानं भरले. चष्मा घातल्यावर तिनं पान जरा मागे नेलं, पुढे आणलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत एक अख्खी ओळ वाचली. हळू, अडखळत. वडील तिच्या तोंडाकडे बघत होते.

"मारलो जी मी हिले," ते शुभांगीला म्हणाले. "लय मारलो. नाटक करते म्हनून."

तेवढ्यात एसटी आली. वाहक ओरडला, "चला जी, बसता का नाई?"

"जाऊ द्या," वडील म्हणाले. शुभांगीनं त्यांना गडचिरोलीला डॉक्टरांकडे कधी यायचं ते सांगितलं. त्यांनी पेटी डोक्यावर घेतली आणि शाळेकडे चालू लागले. जानकी मागून निघाली. तपासणीचा चष्मा परत द्यायचा हे तिच्या लक्षात नव्हतं, आणि तो मागायला आमच्यापैकी कुणाची जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. मी ती सोडली आणि तपासणीचा दुसरा चष्मा घेऊन पुन्हा भद्रावतीच्या शाळेत गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "परवाच तर तपासून गेलात?"

"चुकीचं तपासलं होतं," मी म्हणाले. हे वाक्य त्या दिवशी मी अनेकदा म्हटलं. दरवेळी ते तितकंच जड होतं. सात महिने मला वाटत होतं की घडायचं ते वाईट घडून गेलं, आता माझ्या हातून कुणाचं काही बिघडणार नाही. जिवंत माणसाला अशी सूट नसते.

त्या शाळेत आणखी तीन मुलं थांबवली. तिसऱ्याची आई शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभी होती. मला पाहून ओळखीचं हसली आणि पोराच्या पाठीत हलकी चापट मारत म्हणाली, "सांगा याले आता तुमीच, कंटाया सोड म्हना."

मी तिला सावलीतल्या बाकावर बसवलं आणि तिच्याशेजारी बसले.