विहिरीत बसून बोलता का?

युनूसभाई गेल्याचा दवाखान्यातून रुखसानाभाभींचा फोन आला तेव्हा मी त्यांचाच पॉडकास्ट ऐकत होतो. फोन वाजला आणि युनूसभाई मधेच बोलायचे थांबले... त्याला दीड महिना झाला. दुःख आहेच, पण आज लिहायला बसलोय तो संतापानं.

साखरखेर्ड्यात आमची घरं शेजारी. मी शाळामास्तर, ते शेतकरी, पण अवकाशमोहिमांच्या इतिहासाचं वेड त्यांना. कुठून कुठून वाचायचे आणि दर आठवड्याला एक भाग बोलून टाकायचे. स्टुडिओ म्हणजे घरातली कापसाची खोली. वेचून आणलेल्या ढिगात पाठ रुतवून, समोर उपड्या डब्यावर फोन ठेवून बसायचे. "कापूस आवाज पिऊन घेते, मास्तर," म्हणायचे. आणि खरंच, माणूस आपल्या कानाशी बसून बोलतोय असं वाटायचं.

श्रोत्यांची मतं मी वाचून दाखवायचो. 'विषय उत्तम, भाषा गावंढळ.' 'शास्त्रज्ञांना बे म्हणणाऱ्याकडून विज्ञान काय ऐकायचं?' माझं डोकं फिरायचं, ते मात्र पोट धरून हसायचे. "आयकून तं राह्यले ना!"

मग बोंडअळीचं साल आलं. अळी लागणारच नाही म्हणून विकलेलं ते बियाणं, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी! युनूसभाईंनी उभ्या पिकात नांगर घातला. त्या आठवड्याचा भाग लायकाचा होता, रशियानं अंतराळात पाठवलेल्या कुत्रीचा. रिकाम्या खोलीत बसून ते बोलले, "वापस आनाची सोय नव्हती, तं काऊन धाडलं बे तिले?" आणि भाग तिथंच संपवला.

त्यावर मत काय आलं? 'आवाज घुमतो. विहिरीत बसून बोलता का?' खाली पन्नासेक जणांची हसरी तोंडं. अरे, लाजा वाटत नाहीत? त्या दिवशी युनूसभाई हसले नाहीत. भिंतींना गोधड्या टांगून पाहिल्या, पण घुमणं काही जाईना. मी सणसणीत उत्तर लिहायला घेतलं, तर त्यांनी माझा हात धरला. "नका लिहू, मास्तर. ते चंद्राची गोष्ट आयकाले आले. माह्या घरची कायले आयकवता?" मी शब्द दिला आणि लिहिलेलं पुसून टाकलं.

परवा मी भाभींकडे असताना पॉडकास्टवाल्यांचा फोन आला. श्रोत्यांच्या मतांचा आदर म्हणून घुमणारे भाग काढणार, बाकीचे एका चांगल्या आवाजात, शुद्ध मराठीत पुन्हा करणार. चांगल्या आवाजात! भाभी फोन घेऊन ठामपणे म्हणाल्या, "एकबी भाग काढू नका. त्याईचा आवाज हाय तो." ते म्हणाले, विचार करू.

फोन ठेवून मी त्या खोलीत गेलो. गोधड्या अजून टांगलेल्याच आहेत. डब्यावर बसलो आणि लायकाच्या भागाखाली आयुष्यातलं पहिलं मत लिहिलं. माफ करा, युनूसभाई, शब्द मोडला.

'आवाज घुमतो, कारण त्या वर्षी खोलीत कापूस नव्हता.'