नऊ आणि तीन
स्पिरिटचा वास आला की मला ठाण्यातल्या त्या डॉक्टरांचं टेबल आठवतं. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. आमच्या ह्यांच्या लिव्हरला जुनी सूज होती. डोंबिवलीत सुईने तुकडा काढून तपासला, तेव्हा रिपोर्टात सुजेपुढे नऊ लिहिले होते. वर्षाने ठाण्यात पुन्हा तपासला, तर तीन. मी चौथी शिकलेली, आकडे मला वाचता येतात. मीच म्हटलं, "उतरली सूज, आता डॉक्टरकडे कशाला?" ह्यांनी गोळ्या सोडल्या आणि केमिकल कंपनीत पुन्हा रात्रपाळी धरली. चार महिन्यांत पोट पाण्याने फुगलं, तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "अहो बाई, ते नऊ अठरापैकी होते. हे तीन चारपैकी आहेत. मोजायची पद्धतच वेगळी." मी विचारलं, "मग 'पैकी' लिहायला शाई संपली होती का?" डॉक्टर म्हणाले, "आम्हाला कळतं ते." बाहेर बाकावर हे हसत होते. "काय गं, पास ना?" मी हो म्हटलं. दिवाळीआधी हे गेले. लोक नशीब म्हणतात. आमचे गावातले मास्तर पाटीवर मार्क देतानासुद्धा कितीपैकी ते लिहायचे.