पाहणी का तपासणी

माझा हा गाढवपणा चारचौघांत सांगावा की न्हाई, याचा मी लय विचार केला. पण आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, कुणी माझं काही वाकडं करू शकत नाही. तेव्हा घ्या चहा आणि ऐका.

पाथरी तालुक्यातल्या एका गावात सरकारी आरोग्य केंद्र होतं आणि मी तिथं कंपाउंडर. केंद्र म्हणजे कसं? खोकल्याच्या औषधाच्या शंभर बाटल्या मागितल्या की पंचवीस यायच्या, त्याही उन्हाळ्यात. जीप होती, डिझेल नव्हतं. डिझेल आलं की ड्रायव्हरची बदली झालेली असायची. आणि छत तर विचारूच नका. पावसाळ्यात बाळंतपण चाललेलं असताना आमच्या शांताबाई सिस्टर एका हातानं बाईला सांभाळायच्या आणि दुसऱ्या हातात छत्री धरायच्या. छत दुरुस्त करा म्हणून डॉक्टरसाहेबांनी इतके अर्ज पाठवले होते, की तेवढ्या कागदांत छत शाकारून झालं असतं.

एका मंगळवारी डॉक्टरसाहेब शिबिरासाठी परभणीला गेले. जाताना मला म्हणाले, "दोन दिवस केंद्र सांभाळा." हे त्यांनी मला सांगायला नको होतं.

बुधवारी सकाळी पोस्टातून निरोप आला, फोन हाय म्हणून. गावात फोन तेवढा एकच. पलीकडून जिल्ह्याच्या ऑफिसातला क्लार्क ओरडत होता. नामांतराच्या बंदमुळं मागच्या आठवड्याचं टपाल तुंबलं होतं, म्हणून तो तोंडी कळवत होता. उद्या मोठे साहेब येणार, हे नीट कळलं. कशाला येणार, तेही तो सांगत होता, पण लाइनीत एवढी खरखर की मला शेवटचं 'णी' तेवढं ऐकू आलं. मी विचारलं, "काय णी?" तोवर फोन बंद.

आता तुम्हीच सांगा, सरकारी नोकराला नुसतं 'णी' ऐकू आलं तर तो काय समजेल? तपासणी. दुसरं काय?

मी आमच्या रज्जाकभाई शिपायाला चुना आणायला पिटाळलं. भिंती पांढऱ्या केल्या. छतातून उतरलेले ओघळ चुन्यालाही दाद देईनात, त्यांच्यावर कुटुंब नियोजनाची लाल त्रिकोणाची पोस्टरं चिकटवली. गावातल्या वसतिगृहातून चार खाटा आणल्या, मंडपवाल्याकडून पांढऱ्या चादरी. पाथरीच्या एका ओळखीच्या मेडिकलवाल्याला गळ घालून औषधाचे दोन खोके आणले आणि आमचं कपाट गच्च भरलं. उद्या संध्याकाळी जसंच्या तसं परत, असा सगळ्यांना शब्द दिला.

सिस्टर हे बघत उभ्या होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "अहो, कशाला करायलाव हे सगळं? जसं हाय तसं दिसू द्या की साहेबाला."

मी म्हणालो, तुमचं काय जातंय, मेमो मला येईल.

गुरुवारी साहेब आले. मागं एक टेम्पोही आला होता. तो कशाला, ते मी विचारलं नाही. साहेब शांतपणे हिंडले, कपाट उघडून पाहिलं, चादरीला हात लावून पाहिला. प्रत्येक खोलीत मला एकच प्रश्न, काही अडचण? आणि माझं एकच उत्तर, काहीच नाही साहेब. छताचं विचारलं, तर मी म्हणालो, ठणठणीत हाय.

व्हरांड्यात गयाबाई बसली होती. तिची सून आठ दिवसांपूर्वी आमच्याकडंच बाळंत झालेली. म्हातारी उठून सरळ साहेबांसमोर आली.

"साहेब, लय गळतंय हो हितं. माझ्या सुनंची खाट तीनदा हलवली. लेकरू भिजलं."

मी पुढं झालो आणि म्हणालो, "साहेब, म्हातारीला ताप हाय. काहीबाही बोलायलीय."

साहेबांनी वहीत लिहिलं, 'तापाच्या रुग्णांकडे लक्ष द्यावे.' गयाबाई माझ्याकडं बघतच राहिली. सिस्टरांनी तर ज्या नजरेनं पाहिलं, त्यापेक्षा मोठ्या सुईचं इंजेक्शन परवडलं असतं.

जाता जाता साहेबांनी खाटा मोजल्या. मंजूर सहा, समोर दहा. ते खूश होऊन म्हणाले, तुमच्याकडं तर जास्तीचं हाय. पलीकडच्या केंद्रात बाया जमिनीवर झोपायल्यात, या चार खाटा आणि दोन खोके त्यांना देऊ. टेम्पो भरला. मी हात जोडून उभा. उसनं आणलंय, हे कोणत्या तोंडानं सांगू?

शुक्रवारी डॉक्टरसाहेब परतले आणि त्यांच्या पाठोपाठ तुंबलेलं टपाल. त्यात ते पत्र होतं. सर्वांत वाईट अवस्थेतल्या केंद्राची पाहणी करून दुरुस्तीचा निधी द्यायचा होता. पाहणी! यादीत पहिलं नाव आमचं होतं. डॉक्टरसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं, भिंतींकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "चुना कुठला वापरला?"

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. निधी पलीकडच्या केंद्राला गेला. मेडिकलवाल्याचा हिशेब मी पगारातून फेडला. वसतिगृहाला माझ्या घरच्या खाटा गेल्या, आणि बायको चार महिने माझ्याशी पोरांमार्फत बोलली.

वर आणखी काय, तर मला प्रशंसापत्र आलं. इतक्या कमी खर्चात इतकं उत्तम केंद्र! मी इतर केंद्रांना मार्गदर्शन करावं, असा हुकूमही निघाला.

पहिल्यांदा पाठवलं पोखर्णीकडच्या एका केंद्रावर. तिथला कंपाउंडर गंगाधर नवखा होता. त्यांच्याकडंही साहेब येणार होते. त्यानं काकुळतीला येऊन विचारलं, काय काय झाकू? मी आता शहाणा झालो होतो. म्हणालो, "गंगाधर, काहीच झाकू नको. झाडूसुद्धा मारू नको. जसं हाय तसं दिसू दे, निधी आपोआप येतो." बाळंतपणाच्या खोलीत शिपायानं शेळी बांधली होती. तीही राहू दे म्हणालो.

त्या दिवशी मात्र खरंच तपासणी होती.

गंगाधरला मेमो मिळाला. त्यानं प्रामाणिकपणे खुलासा दिला की सर्व काही वरिष्ठांच्या मार्गदर्शनाप्रमाणे केलं, शेळीसह. मग मला मेमो.

माझ्या सर्व्हिस बुकात आजही एकाच पानावर दोन नोंदी आहेत. वर लिहिलंय, केंद्र उत्कृष्ट ठेवतो. खाली लिहिलंय, केंद्र घाण ठेवायला शिकवतो. सही दोन्हीकडं एकाच साहेबांची.