मामाने निवडलेला लॅपटॉप

वैजनाथ सोळंके हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत होता, हे अगदी खरं. तिथे तो नेमकं काय करायचा, हे मात्र गावाकडे, गंगाखेडात, कुणी विचारलं नाही आणि त्यानेही कधी सांगितलं नाही. कंपनीच्या बसगाड्या सांभाळायचं काम होतं त्याचं. वारज्याहून कोणती बस सुटेल, ड्रायव्हर आला नाही तर बदली कोण, वाकडच्या पुलावर गाडी अडकली तर कुणाकुणाला कळवायचं. त्या कामात माणूस एक नंबर. पाऊस असो की मोर्चा, त्याची बस गेटावर वेळेत हजर. पण कॉम्प्युटरमधलं विचाराल तर काडीचं कळत नव्हतं. टेबलावर एक होता, त्यात तो सकाळी गाड्यांची यादी उघडायचा आणि संध्याकाळी बंद करायचा. संपलं.

आता यात लपवण्यासारखं काय होतं, सांगा! मान खाली घालावी असलं काम नाही ते. पण लग्न जमवताना मध्यस्थाने "मुलगा आयटीत आहे" असं ठोकून दिलं, मंडळींनी माना डोलावल्या, आणि ते वाक्य वैजनाथला चिकटलं ते चिकटलंच. मग काय! कुणाचा मोबाइल अडकला, लाव वैजनाथला फोन. कुणाच्या पोराचा निकाल दिसेना, लाव वैजनाथला फोन. हा घसा खाकरून गंभीर आवाजात सांगायचा, "बंद करून परत चालू करा." आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते चालूही व्हायचं! लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि हा गडी वर ऐसपैस बसून राहिला. बायको, हेमा, अधूनमधून म्हणायची, "एक दिवस तोंडघशी पडाल हं." तो हसण्यावारी न्यायचा.

त्याचा सगळ्यात जास्त अभिमान दाजींना. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे, मुक्ताईचे यजमान सीताराम. गंगाखेड डेपोत एसटीचे कंडक्टर. "आमचे मेव्हणे पुण्याला आयटीत हायेत," हे तिकीट देता देता प्रवाशांनाही ऐकवायचे. त्यांची मुलगी पूर्णिमा इंजिनिअरिंगला पुण्यात आली, कर्वेनगरला हॉस्टेलवर राहू लागली, आणि दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर तिला लॅपटॉप घ्यायचं ठरलं. दाजींनी फोनवरच जाहीर करून टाकलं, "वैजनाथराव म्हणतील तो घ्यायचा. घरातच माणूस असताना दुसऱ्याला कशाला विचारायचं?"

त्या रविवारी पूर्णिमा मामाकडे जेवायला आली. जेवणं झाल्यावर बाल्कनीत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मामा, एक सांगू? पप्पांना नाही सांगायचं हं."

मग तिने सांगितलं. कॉलेजात मुलींची गेमिंगची टीम होती. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर खेळता खेळता पूर्णिमा त्यात तरबेज झाली होती. यंदा इतर कॉलेजांबरोबर स्पर्धा होती. टीमची कॅप्टन, श्रद्धा, म्हणाली होती, तुझी जागा पक्की, पण मशीन स्वतःचं हवं.

"अभ्यास करीनच मामा. नापास होणाऱ्यातली नाही मी. पण मला हे येतं हो, खरंच येतं. तुम्ही फक्त एवढंच बघा, ग्राफिक्स कार्ड वेगळं पाहिजे. डेडिकेटेड. इंटिग्रेटेड नको. त्यात गेमचं चित्र अडखळतं. बाकी मॉडेल जुनं चालेल, जाड चालेल, स्क्रीन साधी चालेल."

"अगं, ते तू माझ्यावर सोड," वैजनाथ म्हणाला.

पोरीने घासून पुसून सगळं हातात ठेवलं होतं. ह्याने दुकानात जाऊन फक्त तेवढंच बोलायचं होतं. पोपटानेही केलं असतं.

दाजी धुतलेला पांढरा शर्ट घालून स्वारगेटला उतरले. तिथून तिघे टिळक रस्त्यावरच्या एका दुकानात गेले. दुकानातल्या पोऱ्याने दोन लॅपटॉप काढून ठेवले. किंमत जवळजवळ सारखीच. एक गेल्या वर्षीचा, जाडजूड, काळा. दुसरा नवाकोरा, चांदीसारखा, एका हातात उचलावा असा.

"ह्या जाडमध्ये ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे, ह्या स्लिममध्ये इंटिग्रेटेड," पोऱ्या म्हणाला.

दाजी लगेच पुढे सरसावले. "आमच्या पाव्हण्यांना सांगू नका, ते आयटीतच हायेत."

"अरे वा! मग सर, तुमच्यासमोर आम्ही काय बोलणार? तुम्हीच सांगा."

पूर्णिमाने मामाकडे बघून काळ्या लॅपटॉपवर हळूच बोट टेकवलं. वैजनाथने ते बघितलं. तोंड उघडणार, तोच दाजींनी विचारलं, "हे येगळं कार्ड म्हणजे काय भानगड हो? कशाला लागतं?"

झालं! आता आली पंचाईत. गेमला लागतं म्हणावं, तर पोरीचं गुपित फुटतं. दुसरं कशाला लागतं म्हणावं, तर ते ठाऊक कुणाला? "मला नीट माहीत नाही दाजी, पण पूर्णिमाला तोच हवाय," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण "मला माहीत नाही" हे शब्द त्या माणसाच्या तोंडून किती वर्षांत निघाले नव्हते! पोऱ्या बघतोय, दाजी बघतायत. बसमध्ये पोरांच्या गप्पांत कधीतरी कानावर पडलेलं एक वाक्य त्याने ऐटीत ठोकून दिलं.

"ते कार्ड म्हणजे गेम खेळणाऱ्या पोरांची चैन असते दाजी. अभ्यासाला काडीचा उपयोग नाही. उगाच तापतं. हा स्लिमच घ्या."

दाजी खूश. "बघा! म्हणून जाणता माणूस संगं लागतो."

पूर्णिमाने बोट काढून घेतलं. क्षणभर मामाकडे बघितलं आणि म्हणाली, "मामा म्हणतात तर तोच घेऊ." दाजींनी खिशातून कुंकवाची पुडी काढली, चांदीसारख्या झाकणावर बोट टेकवलं आणि लॅपटॉप लेकीच्या हातात दिला. ती दोघांच्याही पाया पडली. वैजनाथला त्या वेळी कसंनुसं झालं. पण चहा पिता पिता त्याने मनाची समजूत घातली, की नवीन आहे, चालेल की सगळं.

पुढे फोन करून विचारलं तर ती म्हणायची, "छान चाललाय मामा." आवाजात जीव नसायचा. मग एका रविवारी ती जेवायला आली असताना त्याने विचारलं, "तुझ्या स्पर्धेचं काय झालं गं?"

"मी नाही खेळत आता."

"का?"

"सबमिशन्स आहेत," ती म्हणाली आणि मामीला ताटं उचलू लागायला गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने अभिनवला गाठलं. अभिनव त्याच्याच कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, सदाशिव पेठेतला पोरगा. वैजनाथने कुणा ओळखीच्याचं म्हणून सगळं सांगितलं.

"इंटिग्रेटेडवर तो गेम?" अभिनव म्हणाला. "सुरू होईल की. ऐन लढाईत चित्र थांबेल, आणि परत हलेल तेव्हा ही मेलेली असेल. कोण टीममध्ये ठेवेल?"

"मग ते कार्ड आता बसवून घेतलं तर?"

"लॅपटॉपमध्ये? नाही बसत. मेमरी वाढवता येते, ग्राफिक्स नाही. जे घेतलं ते घेतलं." मग पाठीवर बॅग टाकत म्हणाला, "कोण हो हे निवडून देणारे? सत्कारच करायला पाहिजे त्यांचा."

वैजनाथने त्या दुकानातही चक्कर मारली. कुंकू लागलेला, वापरलेला लॅपटॉप बदलून मिळेल का, असं विचारलं. मालकाने मान वर न करता म्हटलं, "काका, लग्न लागल्यावर मुलगी पाहायचा कार्यक्रम करतात का तुमच्यात?" आपल्या खिशातून दुसरा घेऊन द्यावा, तर फ्लॅटच्या हप्त्यांनी आधीच कंबरडं मोडलेलं. घास गोड लागेना. एखादी बस उशिरा आली तर ज्याचा जीव खालीवर व्हायचा, त्याने पोरीची गाडीच चुकवली होती. आणि चुकवली कशापायी? स्वतःच्या टेंभ्यापायी! हेमाला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "मला काय सांगताय? तिला सांगा."

म्हणून तो कर्वेनगरला गेला. हॉस्टेलसमोरच्या टपरीवर पूर्णिमाला बोलावून घेतलं आणि चहा यायच्या आतच म्हणाला, "बाळा, मला त्यातलं काही कळत नाही गं. मी कंपनीत बस सोडतो. दुकानात मी थाप मारली. तुझं नुकसान केलं मी."

चहा आला, तसा पूर्णिमाने एक ग्लास त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "मला माहीत होतं मामा. तुमच्या कंपनीत माझी एक सीनियर आहे, तुमच्याच बसने जाते ती."

"मग तिथे बोलली का नाहीस?"

"पप्पा अख्ख्या डेपोत सांगत असतात तुमच्याबद्दल. त्यांच्यासमोर तुम्हाला कशी खोटी पाडू?"

अरे देवा! ह्याने आपला आब राखला, आणि पोरीनेही ह्याचाच राखला. तिचा कुणी राखायचा? वैजनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तिथल्या तिथे फोन काढला, दाजींना लावला, स्पीकरवर टाकला.

"दाजी, मी आयटीत आहे, पण बसगाड्या बघतो. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही."

पलीकडून खो-खो हसू. "काय मस्करी करता वैजनाथराव! बरं झालं फोन केला. आमच्या डेपो मॅनेजरांच्या पोराला लॅपटॉप घ्यायचाय. कोणता घेऊ?"

पूर्णिमाने मानेनेच खूण केली, जाऊ दे, सांगा काहीतरी. अजूनही तिला मामाला वाचवायचंच होतं. वैजनाथच्या तोंडाशी पहिल्यासारखंच एक ऐटदार वाक्य आलं होतं. ते त्याने गिळलं.

"मला विचारू नका दाजी. पूर्णिमाला विचारा. तिला कळतं. त्या दिवशीही तिलाच कळत होतं. मी चुकीचा घ्यायला लावला."

हसू थांबलं. मागे डेपोत कुठल्याशा गाडीची घोषणा चालू होती. मग दाजींचा आवाज आला, "पूर्णे, तू हायेस का तिथं? तुला कळत होतं?"

"हो पप्पा."

"मग त्या दिवशी तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुम्ही दोघं एकमेकांनाच विचारत होता," ती म्हणाली. "मला कुठे विचारलंत?"

दाजी म्हणाले, "चुकलंच माझं, बाई. इचारायला पायजे होतं," आणि फोन ठेवला.

दाजींना निदान तेवढं म्हणता आलं, विचारायला पाहिजे होतं. वैजनाथला तेही म्हणता येईना. त्याला तर तिने आपणहून सगळं सांगितलं होतं.