अर्थशास्त्रासाठी तबला

कॉमर्सची शेवटची सीट माझ्या हातून एका बासरीवाल्या पोट्ट्याने कलेच्या कोट्यातून नेली. मार्क माझे जास्त होते. कॉलेज राहिलं आणि मी हिंदी मुलखातल्या उरला औद्योगिक वसाहतीत भंगाराच्या धंद्यात शिरलो. लोखंड ठोकून, नुसत्या आवाजावरून माल ओळखायला शिकलो. पण बासरीवाल्याला हिशेब जास्त कसा जमणार, हा प्रश्न काही सुटला नाही.

यंदा मुलीनेच तो उकरून काढला. तिला दिल्लीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र हवं होतं. नुसत्या मार्कांवर जमणार नव्हतं. तबल्याची ट्रायल चांगली झाली तर जमलं असतं.

"अर्थशास्त्राले तबला काहून पाहून राहिले ते?"

"मुझे क्या पता, बाबा. तुम्हीच विचारा त्यांना."

एकट्या तबल्यासोबत हार्मोनियमवर एकच ओळ फिरत ठेवावी लागते. तिला लेहरा म्हणतात. आपण तालात कुठे आहोत, हे वाजवणाऱ्याला त्यावरून कळतं. दिल्लीला यायचं काय घेणार, यावरून मी हार्मोनियमवाल्या भैयाशी इतकी घासाघीस केली, की तो उठून गेला. मुलीने दोन दिवस दुसरा कोणी शोधून पाहिला. मग म्हणाली, "अब आप ही बजाओगे."

तीन महिने मी सोळा मात्रांची ती ओळ घोटली.

ट्रायलला तीन परीक्षक होते. ती रंगात आली आणि नेमका मधला परीक्षक मोबाइल पाहू लागला. माझं डोकं फिरलं. बोटं पळाली. लय गेली की सीट गेली, हे कळत होतं, तरी हात ऐकेनात.

ती माझ्यामागे धावली नाही. अवघड बोल सोडून तिने साधा ठेका ठाशीव धरला आणि माझ्याकडे पाहत राहिली. दोन आवर्तनांत मी जागेवर आलो. मग तिने सुटलेलं पुन्हा उचललं.

मोबाइल खाली गेला. "ये साथ में कौन हैं?"

"बाबा हैं, सर."

"घर पर भी ऐसे ही भागते हैं?"

"हव सर. वहाँ तो रोकने के लिए तबला भी नहीं रहता."

तिघेही हसले. मी नाही.

यादीत तिचं नाव आलं. अर्थशास्त्राच्या वर्गात तबल्याचा काय उपयोग, हे मला अजून सांगता येत नाही. पण त्या दिवशी त्यांनी काय ठोकून पाहिलं, ते मी ऐकलंय. त्या बासरीवाल्यात तेव्हा कोणाला काय ऐकू आलं असेल, हे आता खरंच विचारावंसं वाटतं.

मार्क मात्र माझेच जास्त होते.