डबक्याच्या बाई

आमच्या दुसरीच्या बाई पातळ नेसून चिखलाच्या काठावर चक्क पालथ्या झोपायच्या. आज कुणाला सांगितलं तर हसतात, पण शपथेवर सांगते. गोणपाट अंथरायचं, पदर कमरेला खोचायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि हनुवटी पाण्याला टेकेल इतकं खाली वाकून म्हणायचं, "या रं, दमानं या. आज अंडी फुटल्यात." मग आम्ही चाळीस पोरं त्यांच्या दोन्ही बाजूंना ओळीनं पालथी.

शाळा म्हणजे चिंचवडहून चिखलीकडे जाताना लागणाऱ्या दोन पत्र्याच्या शेड. कंपन्यांच्या रस्त्यांसाठी मुरूम उपसून पलीकडे मोठा खड्डा झाला होता. त्यात पाणी साचायचं, ते आमचं डबकं. बाई दर शनिवारी आम्हाला तिथे न्यायच्या, म्हणून त्या डबक्याच्या बाई. त्यांचं आडनाव हजेरीच्या वहीत असेल तेवढंच. एकदा हेडसरच भर प्रार्थनेत "डबक्याच्या बाईंना बोलवा" म्हणून गेले आणि लगेच खोकले.

रस्त्यावरून मालाच्या ट्रकांची ये-जा असायची. त्यामुळे बाईंनी माहेरच्या गोठ्यातला एक लांबलचक कासरा आणला होता. प्रत्येकानं एका हातानं तो धरायचा, सोडला तर पुढच्या शनिवारी घरी. आम्ही बहात्तरच्या दुष्काळानंतर उस्मानाबादकडून इकडे आलेलो. आईनं ती वरात पहिल्यांदा पाहिली तेव्हा कपाळाला हात लावला. "अगं माय! लेकरं हायती का वासरं? अन् ही मास्तरीण का गुराखीण?" बाईंना हे कळलं तेव्हा त्या खो खो हसल्या आणि आईला म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी तुम्हीपण या. कासरा लांब आहे."

बाईंच्या दोन भाषा होत्या. वर्गात 'होय', डबक्यावर 'व्हय'. त्या खेडच्या पलीकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. फळ्यापुढे पुस्तकी मराठी अगदी तोलूनमापून बोलायच्या आणि पाणी दिसलं रे दिसलं की जीभ मोकळी सुटायची. "हात मागं, डोळं म्होरं!" हा त्यांचा डबक्यावरचा एकमेव नियम. अंडी कशी, तर भिजवलेल्या साबुदाण्यात काळा ठिपका. ते ठिपके आधी लांबायचे, मग वळवळायचे, मग एके दिवशी बेडूकमासे होऊन पळत सुटायचे. दर शनिवारी दिसलं ते वहीत काढायचं. दिसलं नाही ते काढलं तर बाई ओळखायच्या. "हे कुटं बघितलंस? दाव मला," म्हणायच्या आणि खरंच उठून ती जागा दाखवायला लावायच्या.

तो 'हात मागं'चा नियम मी मोडला. वडिलांच्या जेवणाच्या डब्याचा एक कप्पा लपवून नेला आणि सहा बेडूकमासे भरून घरी आणले. संध्याकाळपर्यंत सहाही मेले, आणि ज्या कप्प्यात रोज आमटी जायची त्यात ते पाहून वडिलांनी मला घरभर पळवलं. सोमवारी रडत रडत बाईंना सांगितलं. मला वाटलं आता छडी. बाई म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? वर्गाला सांग. किती आणले, कसे मेले, सगळं." मी सांगितलं. तेवढी लाज मला पुढे कधी वाटली नाही आणि खरं सांगितल्यावर इतकं हलकंही कधी वाटलं नाही.

बाई तेव्हा कायम नव्हत्या. एप्रिलात नेमणूक संपायची, जूनमध्ये पुन्हा मिळाली तर मिळाली. भाद्रपदात तपासणीचे साहेब येणार होते आणि वर्ग चांगला निघाला तर बाईंना कायम करू, असा संस्थेनं शब्द दिला होता. हे आम्हाला बाईंनीच सांगितलं होतं, हसत हसत. "नीट बसा रं. माझी नोकरी तुमच्या हातात हाय." हेडसरांनीही तयारी केली. बेडकाच्या जीवनचक्राचा रंगीत तक्ता आणून भिंतीवर टांगला. गोल बाण, अंडी, बेडूकमासा, पाय फुटलेला बेडूकमासा आणि शेवटी हिरवागार बेडूक. बाईंनी तो बराच वेळ न्याहाळला आणि पुटपुटल्या, "ह्यात पाणीच न्हाई की!"

तपासणीच्या आधीचा शनिवार. मागच्या खेपेला मागचे पाय फुटलेले दिसले होते, त्यामुळे आम्ही कासरा ओढतच निघालो. काठावर पोचलो तर वास. कुणीतरी वर्कशॉपचं काळं तेल पिंपच्या पिंप आणून डबक्यात ओतलं होतं. पाण्यावर रंगीत साय धरली होती आणि आमचे बेडूकमासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. काहींना ते इवलेसे पाय फुटलेले. पोरांनी भोकाड पसरलं. बाई त्या दिवशी पालथ्या झोपल्या नाहीत, गोणपाटाची गुंडाळी मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. कोण मेला असेल तो, म्हणत त्याच्या सात पिढ्यांना मी मनात शिव्या घातल्या, आणि आजही घालते. शेवटी बाई उठल्या. "वह्या काढा," त्या म्हणाल्या. "आज जे दिसतंय ते काढा." माझा काळा रंगखडू तिथेच संपला.

सोमवारी हेडसर स्वतः वर्गावर आले आणि तक्ता आमच्याकडून घोकून घेतला. मंगळवारी साहेब आले. तक्त्यावर पट्टी टेकवून त्यांनी पहिल्या रांगेतल्या मला उभं केलं. "बेडूकमाशाला मागचे पाय फुटले. पुढे त्याचं काय होतं?"

उत्तर मला येत होतं. समोर भिंतीवर तो हिरवागार बेडूक बसलेलाच होता. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही की डोळ्यांनी खूण केली नाही.

"मरतो, साहेब," मी म्हणाले.

"छे छे छे!" हेडसर पुढे धावले. "चुकलं बाळ, तक्ता बघ, तक्ता!"

"तिचं चुकलं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "तिनं पाहिलं ते सांगितलं, साहेब. हवं तर चला, दहा मिनिटांवर आहे."

साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मग वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि तिसरीच्या वर्गाकडे गेले.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाई नव्हत्या. "कायम केलं नाही म्हणे," आई शेजारणीला सांगत होती. मी ते ऐकलं. नोकरी आमच्या हातात होती आणि मी ती घालवली, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. हे मी कुणालाही सांगितलं नाही, आईलाही नाही.

अकरावीत असताना एका लग्नाला खेडला गेले होते. परतीच्या एसटीची वाट बघत उभी होते, तर समोर बाई. केस पिकलेले, चष्मा तसाच कपाळावर. मी पाया पडले, नाव सांगितलं. त्यांनी लगेच ओळखलं. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत म्हणाल्या. गाडी लागली होती, वेळ नव्हता, म्हणून मी एका दमात विचारून टाकलं. "बाई, तेव्हा मी बेडूक म्हटलं असतं तर तुम्ही कायम झाला असता ना?"

दुसरं कुणी असतं तर 'छे गं, तसं काही नव्हतं' म्हटलं असतं. बाई म्हणाल्या, "व्हय. झाले असते. दोन वर्सं घरी बसावं लागलं."

माझे डोळे भरून आले. कंडक्टर घंटी मारत होता. बाईंनी माझा दंड घट्ट धरला.

"येडे, रडतीस काय? त्या दिवशी मी भ्याले हुते, पण साहेबाला न्हाई. तू माझ्याकडं बघितलंस ना, तवा वाटलं, आता ही पोरगी माझ्यासाठी बेडूक म्हणती का काय."