मानमोडीनंतर लागलेली नोकरी

माझी आत्या लालबागच्या एका गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. तिला ही नोकरी मानमोडीच्या, म्हणजे १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या, साथीमुळे लागली, असं आमच्या घरात सगळे सहज सांगायचे. एखाद्याला मामाच्या ओळखीने लागावी, तसं.

मालवणकडच्या आमच्या गावात मानमोडी शिरली आणि तिचा नवरा गेला, सासरा गेला, माहेरी आईवडीलही गेले. उरला पाच वर्षांचा भाऊ, म्हणजे माझे वडील. जमीन होती, पण नांगर धरायला माणूस नव्हता. भावाला घेऊन ती बोटीने मुंबईला नातलगांच्या खोलीत आली. गिरण्यांतलीही बरीच माणसं मेली होती, काही गावी पळाली होती. एरवी दस्तुरीचे पैसे खाल्ल्याशिवाय कुणाला आत न सोडणारा, कामगार भरणारा जॉबर चाळीत फिरून विचारत होता, "धडधाकट कोणी आहे का?" आत्या होती.

तिच्या पगारावर वडील मॅट्रिक झाले, कचेरीत कारकून म्हणून चिकटले. म्हणून मग आम्ही बहिणीही शाळेत गेलो.

संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत वडिलांना भाषणाची सवय लागली. चाळीच्या पटांगणातल्या एका सभेची तालीम त्यांनी जेवतानाच सुरू केली. "मुंबई कष्टकऱ्यांनी उभी केली. माझंच घर बघा. मानमोडी आली नसती, तर मी आज बैलांमागे असतो. त्या साथीने आम्हाला वर काढलं!"

आत्या भात वाढत होती. म्हणाली, "माझो घोव मेलो म्हणान तू मॅट्रिक झालंस. तांय सांग."

वडिलांनी आमटी मागितली. तिने वाढली.

सभेत त्यांनी घरचं उदाहरण गाळलं. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या.

पुढे फ्लूची साथ आली आणि अर्धी चाळ आडवी झाली. वडीलही पडले. आत्याने रजा काढली. तिला रजा मिळते, हे आम्हाला तेव्हा कळलं. ती त्यांच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसायची.

"आक्का, तू कामावर जा."

"गिरण चलतली. तू गप नीज."

ताप उतरल्यावर एका सकाळी वडिलांनी विचारलं, "आक्का, भावोजी कसे होते गं?" इतक्या वर्षांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

आत्याने जरा विचार केला. "उंच होतो," ती म्हणाली. "आणि घोरायचो."

मग तिने पदर खोचला, आणि ती गिरणीत पाळीला गेली.